चित्रांतला माळी

आमच्या बसावयाच्या खोलींत, लिहिण्याच्या मेजासमोरच्या भिंतीवर, दोन चित्रें शेजारीं शेजारीं लावलेलीं आहेत. त्यांपैकीं एक विलायतेहून आमच्या भाच्यानें धाडलेली छापील नक्कल आहे, व दुसरें अस्सल तैलचित्र आहे. परंतु येवढ्यावरून दुसऱ्याची किंमत अधिक असावी असें मात्र वाचकांनीं समजूं नये. पहिल्यांत एक बादशहा आपल्या बागेची उठाठेव करीत उभा आहे. दुसऱ्यांत आमचे वडील आपल्या फुलझाडांना झारीनें पाणी घालीत आहेत. पहिलें चित्र ज्यानें काढलें त्या चित्रकाराला पुढें एका बादशहाकडून हत्ती बक्षीस मिळाला. दुसरें आमच्या गांवच्या हायस्कुलांतील ड्रॉइंग मास्तरांनीं काढलें, आणि त्यांना चार दिवस जेवण व निघतांना एक धोतरजोडी मिळाली. विषय एक म्हणून हीं चित्रें आम्हीं एका भिंतीवर आणलीं असतील असें येणाराजाणारास वाटतें, व आम्हीही आजवर तें वाटूं दिलें. खरें कारण निराळें आहे. तें सांगतांना आम्हांस थोडें खालीं पाहावें लागणार आहे. परंतु तें सांगितल्यावांचून आतां राहवत नाहीं.

पहिलें चित्र प्रसिद्धच आहे. हिंदुस्थानांतील मोगल घराण्याचा मूळ पुरुष बाबर यानें इ. स. १५०८-०९ मध्यें, दिल्लीचें तख्त अजून फार दूर होतें अशा काळीं, अदिनापूरच्या किल्ल्यासमोर, आजच्या जलालाबादेच्या परिसरांत, एक बाग लावली व तिला 'बाग-इ-वफा', म्हणजे इमानाची बाग, असें नांव दिलें. तिची हकीकत त्यानें आपल्या तुर्की भाषेंतील आत्मचरित्रांत लिहून ठेविली आहे. बाग उंचवट्यावर, दक्षिणेकडे तोंड करून. मधून पाणचक्की चालेल एवढा झरा अखंड वाहणारा. एका लहानशा टेकाडावर फुलांचे चार चौक. नैर्ऋत्येच्या कोपऱ्यांत दहा-दहाचा हौद व त्याच्याभोंवतीं नारिंगें आणि डाळिंबें. पुढें इ. स. १५२४ च्या सुमारास लाहोर व दिपालपूर हातीं आल्यावर त्यानें तिकडून केळी आणवून या बागेंत लावविल्या आणि त्या चांगल्या जगल्या, हेंही त्यानें अगत्यानें नमूद केलें आहे. लढाई जिंकल्याची बातमी व केळ जगल्याची बातमी एकाच दमांत देणारा राजा आम्हांस तरी दुसरा ठाऊक नाहीं.

या आत्मचरित्राचें फारसी भाषांतर बाबराचा नातू अकबर याच्या आज्ञेवरून अब्दुर्रहीम खानखानान यानें केलें व तें १५८९ सालीं बादशहापुढें ठेविलें. त्याच्या सचित्र प्रतींतील बाग-इ-वफेचें हें चित्र १५९० च्या सुमाराचें आहे. म्हणजे तें रंगविलें गेलें तेव्हां बाग लावल्याला ऐशीं वर्षें व बाबर वारल्याला साठ वर्षें होत आलीं होतीं. चित्र बिशनदासाच्या हातचें आहे, आणि चेहरे त्याचा वडीलधारा नातलग नन्हा याचे. याच बिशनदासाला जहांगिरानें १६१३ सालीं शाह अब्बासाची तसबीर काढून आणण्यासाठीं इराणच्या दरबारीं पाठविलें होतें, व तो परत आल्यावर त्याला हत्ती दिला तो या कामगिरीबद्दल. समोरासमोरच्या दोन पानांवर पसरलेलें हें चित्र १९१३ सालापासून लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट म्यूझियममध्यें आहे.

चित्रांत काय आहे? भिंतींनीं वेढलेली बाग, तिला चार भागांत विभागणारे पाण्याचे पाट, फळांनीं लगडलेलीं झाडें. बाबर हात पुढें करून कांहीं सांगत आहे. त्याच्यासमोर एक इसम बागेचा आराखडा धरून उभा आहे. दोघे दोरी ताणून जमीन मापीत आहेत, आणि वाफ्यांत माळी फावडीं घेऊन मातींत राबत आहेत. दुसऱ्या पानावर दाराशीं कोणी भेटीस आलेली मंडळी खोळंबली आहे. पण बाबराचें तिकडे लक्ष नाहीं. राजकारण दाराबाहेर ताटकळत आहे व राजा वाफ्याची कड सरळ आहे कीं नाहीं तें पाहत आहे, या कल्पनेचेंच आम्हांस प्रथम मोठें कौतुक वाटलें, आणि चित्र भिंतीवर लावून आम्हीं तें घरांतील मंडळींना समजावून सांगण्यास आरंभ केला.

आमच्या कुटुंबानें पदराला हात पुशीत सर्व व्याख्यान ऐकून घेतलें आणि विचारलें, "ह्यांत तुमचा बाबर कुठला?"

आम्हीं बोट दाखविलें.

"मग तो तर नुसता हात करून उभा आहे. बाग हे दोघे करताहेत कीं!"

बायकांना इतिहासाची दृष्टि नसते, असें कांहीं तरी पुटपुटून आम्हीं वेळ मारून नेली. परंतु त्या दिवसापासून आमची नजर चित्रांत बाबराकडे जाईना. ती वारंवार त्या वांकलेल्या माळ्यांवर जाऊन ठरूं लागली.

वास्तविक याला आपली भाषाही थोडीबहुत जबाबदार आहे. मराठींत 'लावणें' आणि 'लावविणें' अशीं दोन निराळीं क्रियापदें व्याकरणकारांनीं करून ठेविलीं आहेत. पण मोठ्या माणसांच्या बाबतींत दुसऱ्याचा उपयोग करावयाचा नाहीं असा आपल्यांत जणूं संकेतच आहे. शहाजहाननें ताजमहाल बांधला. अहल्याबाईंनीं घाट बांधले. अमक्या सावकारानें विहीर खणली. फार कशाला, ज्यानें जन्मांत कधीं थापी हातीं धरली नाहीं असा आमच्यासारखा कारकून देखील "आम्हीं यंदां घर बांधलें" असें बेधडक सांगतो, आणि ऐकणारालाही त्यांत कांहीं वावगें वाटत नाहीं. वर आम्हींही बाबरानें 'बाग लावली' असेंच लिहिलें आहे. वाचकांपैकीं कोणीं तेथें अडखळलें असेल असें वाटत नाहीं.

आतां दुसऱ्या चित्राकडे वळूं.

आमच्या जुन्या घरामागें बऱ्यापैकीं मोठें परसूं होतें, व त्यांत जी फुलबाग होती ती सबंध पेठेंत आमच्या वडिलांची बाग म्हणून ओळखली जात असे. वडील वकिली करीत. त्यांना फुलांचा शौक खरोखरच होता. गुलाबाचीं कलमें कोणत्या गांवीं चांगलीं मिळतात हें त्यांना पाठ असे. कोठें खटल्यासाठीं गेले कीं परततांना दप्तरांतल्या कागदांबरोबर ओल्या फडक्यांत गुंडाळलेली एखादी फांदी हटकून यावयाची. वाफे कसे आंखावे याचे नकाशे ते अशिलांच्या अर्जांच्या पाठीवर काढीत. रविवारीं सायंकाळीं हातांत वेताची काठी घेऊन ते बागेंत उतरत व काठीच्या टोंकानें दाखवीत, "ही कर्दळ इकडून उपटून तिकडे. ह्या शेवंतीला फार गर्दी झाली आहे."

हें सर्व ते ज्या व्यक्तीला सांगत ती म्हणजे आमची आत्या.

आत्या वडिलांपेक्षां चार वर्षांनीं मोठी. तेराव्या वर्षीं विधवा होऊन ती माहेरीं परत आली ती कायमची. घरांत तिचें काम काय, असें कोणी विचारलें असतें तर आम्हीं मुलांनीं "देवाचीं फुलें काढणें" असें सांगितलें असतें, कारण पहांटे आम्ही उठण्यापूर्वीं फुलांची परडी देवघरांत ठेविलेली असे एवढेंच आम्हांस दिसे. त्या परडीच्या मागें काय काय असे याचा विचार करण्याचें आम्हांस कारण पडलें नाहीं. न्हाणीघराचें पाणी पाट काढून केळींना नेलें होतें, तो पाट तुंबला कीं तो मोकळा करणारी आत्या. प्रत्येक झाडाचें आळें दर पंधरा दिवसांनीं खुरप्यानें मोकळें करणारी आत्या. जास्वंदीवर पांढरी कीड पडली कीं चुलींतली राख चाळून पानापानावर टाकणारी आत्या. देवाचें निर्माल्य ती उकिरड्यावर जाऊं देत नसे. तें अबोलीच्या बुडाशीं पुरीत असे. शेवंतीचा बहर सरला कीं तिच्या बुडाशीं फुटलेल्या मुनव्या सोडवून त्या निराळ्या लावणें, मोगऱ्याची छाटणी करून व पानें ओरबाडून त्याला ताण देणें, हीं कामें ती कोणीं सांगितल्याशिवाय आपापल्या महिन्यांत करीत असे. सूर्य मावळल्यावर झाडाला हात लावावयाचा नाहीं, झाडें झोंपतात, असें ती म्हणे. आणि श्रावणांत शेजारच्या नव्या नवऱ्यामुली मंगळागौरीच्या पत्रीसाठीं सांजेला आल्या तर त्यांना उद्यां पहांटे या म्हणून परत लावी.

शुक्रवारीं ती या मुलींना गजरे करून देत असे. तिच्या स्वतःच्या केसांचा प्रश्नच नव्हता. काळच तसा होता, असें म्हणून आज आम्ही मोकळे होतों. पण त्याहून एक बारीक गोष्ट आम्हांस अधिक लागून राहिली आहे. देवाला वाहावयाचें फूल हुंगावयाचें नाहीं असा तिचा कडक नेम होता, आणि बागेंतलें बहुतेक फूल देवाचें. म्हणजे जीं फुलें तिनें चाळीस वर्षें वाढविलीं त्यांचा वाससुद्धां, चालतां-बोलतां वाऱ्यानें जेवढा आणून दिला तेवढाच तिच्या वांट्याला आला.

आमच्या बाराव्या वर्षीं ड्रॉइंग मास्तरांनीं वडिलांचें तैलचित्र काढण्याची इच्छा दर्शविली. वडील खुर्चीवर पुस्तक घेऊन बसावयास तयार होते. पण मास्तर म्हणाले कीं तसलीं चित्रें प्रत्येक वकिलाच्या घरीं असतात, आपलें नांव बागेवर आहे. तेव्हां वडिलांच्या हातीं झारी देऊन त्यांना गुलाबाच्या वाफ्यापाशीं उभें करण्यांत आलें. उजेड चांगला पाहिजे म्हणून वेळ भर दुपारची ठरली. भरलेली झारी तासभर धरवेना म्हणून ती रिकामी केली. आत्या वाफ्याच्या कडेला बसून हरळी काढीत होती, तिला वडील म्हणाले, "आक्का, तूं जरा बाजूला हो."

ती उठली, मास्तरांच्या मागें सावलींत जाऊन बसली, आणि तोंडाला पदर लावून हळूच आम्हांस म्हणाली, "अरे, दुपारच्या उन्हांत कुणी झाडाला पाणी घालतं का? मुळं शिजतील त्यांचीं!"

आम्ही खूप हंसलों. चित्र छान उठलें, दिवाणखान्यांत लागलें, आणि पाहुणेमंडळी त्यावरून वडिलांच्या निसर्गप्रेमाविषयीं बोलूं लागली.

येथपर्यंत जें घडलें त्यांत आमचा दोष फारसा नाहीं. पुढच्या गोष्टींत तो आहे. वडील वारल्यावर दुसऱ्या वर्षीं आम्हीं एका मासिकांत त्यांच्या बागेवर लेख लिहिला. लेख बरा साधला होता. पुष्कळांनीं पत्रें लिहून तसें कळविलें. त्यांत गुलाबाचीं कलमें होतीं, अर्जांच्या पाठीवरचे नकाशे होते, वेताची काठी होती. मोगऱ्याला वडील किती जिवापाड जपत याचेंही बहारीचें वर्णन होतें. वास्तविक मोगऱ्याला त्यांनीं हात लावलेला आम्हीं एकदांही पाहिला नव्हता. पण लेखाला सुगंध हवा होता. सबंध लेखांत आत्येचें नांव कोठेंही नव्हतें. आम्हीं तें मुद्दाम गाळलें असें नाहीं. मुद्दाम गाळण्यासाठीं आधीं आठवण व्हावी लागते.

आत्येला तेव्हां डोळ्यांनीं नीट दिसत नसे. मासिक आलें तेव्हां आम्हींच तिला लेख वाचून दाखविला. वाचतां वाचतां मध्येंच कोठें तरी आमच्या लक्षांत आलें कीं आपण हें कोणाला वाचून दाखवीत आहों. परंतु आतां थांबणार कसें? आवाज होतां होईल तो सारखा ठेवून आम्हीं शेवटपर्यंत वाचलें. ती भिंतीला टेकून, हात मांडीवर ठेवून ऐकत होती. वाचून झाल्यावर थोडा वेळ कांहींच बोलली नाहीं. मग म्हणाली, "छान लिहिलंस हो. दादाचा उत्साह दांडगा होता, तो बरोबर आलाय." आणि जरा थांबून, "एक तेवढं सुधार. मोगऱ्याची छाटणी फाल्गुनांत लिहिली आहेस. फाल्गुनांत छाटला तर चैत्रांत फुलेल कसा? पौष-माघांत छाटतात. कुणी वाचून तसं करायचं, आणि झाड फुकट जायचं."

सबंध लेखांत तिनें काढलेली चूक ती एवढीच. "पुढच्या अंकांत दुरुस्ती छापवितों" असें आम्ही म्हणालों, व ती कधींच छापविली नाहीं. तीन वर्षांनीं आत्या गेली. परसूं पुढें विकलें गेलें. तेथें आतां इमारत उभी आहे.

बाबराचें चित्र भिंतीवर लागल्यावर कुटुंबानें जो प्रश्न विचारला, त्यानें हें सर्व आमच्यापुढें उभें केलें. तरी बाबराला गुन्हेगार ठरवून मोकळें व्हावें असें आम्हांस वाटेना. तो नुसता मिरविणारा बागवाला नव्हता. हिंदुस्थानावरील शेवटच्या स्वारीवर निघाला असतां १५२५ सालच्या हिंवाळ्यांत हुमायूनची वाट पाहत तो याच बागेंत मुक्काम करून राहिला. पानिपत जिंकून आग्र्यास आल्यावर वाहत्या पाण्याच्या बागा येथें नाहींत याचें त्याला मनस्वी वाईट वाटलें, आणि थोड्याच दिवसांत यमुनेपलीकडे जागा शोधून त्यानें तेथें विहीर, हौद व वाफे यांस आरंभ केला. काबूलकडचें एक खरबूज समोर आलें तेव्हां तें कापतांना आपणांस रडूं कोसळलें असें त्यानें ख्वाजा कलान या मित्राला लिहून कळविलें. १५३० सालीं तो आग्र्यास वारला. देह पुढें काबूलच्या बागेंत नेऊन पुरण्यांत आला. ज्याच्या मनांत बाग नाहीं त्याच्या हातून हें होत नसतें. आमच्या वडिलांच्या दप्तरांतली ती ओल्या फडक्यांतील फांदीही खोटी नव्हती. बागेची हौस एकाची व बागेचे कष्ट दुसऱ्याचे, असें जगांत होतच आलें आहे. आणि हौसेवांचून नुसत्या कष्टांनीं बाग उभी राहिली असती असेंही म्हणवत नाहीं. वाईट एवढेंच कीं हौस लिहितें व कष्ट लिहीत नाहींत. आपल्याकडे सांवता माळ्यानें स्वतःच्या मळ्याविषयीं स्वतःच अभंग केले म्हणून त्याचें नांव सात शतकांनंतरही लोकांच्या तोंडीं आहे. सगळ्याच माळ्यांना कांहीं अभंग येत नाहींत.

म्हणूनच बिशनदासाविषयींचा आमचा आदर अलीकडे फार वाढला आहे. बाबराच्या मजकुरांत माळ्यांचीं नांवें नाहींत. बादशहाच्या आजोबाचें चित्र काढावयाचें, तेव्हां एकटा बाबर व भोंवतीं फुलेंच फुलें असें काढलें असतें तरी अकबराच्या दरबारीं कोणी नांव ठेविलें नसतें. परंतु बिशनदासाला बाग कशी होते हें ठाऊक होतें, किंवा तें जाणून घेण्याइतका तो प्रामाणिक होता. त्यानें बाबराचा पुढें केलेला हात काढला, आणि तो हात जिकडे आहे तिकडे राबणारे माळीही काढले. नांवें नाहीं तर नाहीं, पाठी तरी आहेत. आमच्या लेखांत तेवढेंही नव्हतें.

आतां दोन चित्रें शेजारीं कां, तें सांगून संपवितों. बाबराचें चित्र आल्यानंतर दिवाळीच्या साफसफाईंत वडिलांचें तैलचित्र खालीं काढलें होतें. त्यावर कित्येक वर्षांची धूळ व उदबत्तीची काजळी बसली होती. कुटुंबानें ओल्या फडक्यानें हलक्या हातानें पुसतां पुसतां आम्हांस हांक मारली. चित्राच्या अगदीं खालच्या कोपऱ्यांत, वडिलांच्या जोड्यांपासून वीतभर अंतरावर, एक खुरपें मातींत उभें खोंवलेलें असून त्याच्याशेजारीं अर्धीं भरलेली हरळीची पाटी आहे. आत्या उठून बाजूला झाली तेव्हां तीं दोन्ही तशींच राहिलीं होतीं. मास्तर बिचारे जसें दिसेल तसें काढणारे. त्यांनीं तींही काढलीं. इतकीं वर्षें आम्ही त्या चित्राखालीं बसून लिहीत आलों, पण तो कोपरा आमच्या नजरेस पडला नव्हता.

तेव्हांपासून तें चित्र आम्हीं बाबराच्या चित्राशेजारीं, थोडें खालीं लावलें आहे, म्हणजे खुर्चीवर बसलें असतां डोळे बरोबर खुरप्यावर जातात. पाहुण्यांना आम्ही आतां तें खुरपेंच आधीं दाखवितों.

आणि एक राहिलेली दुरुस्ती. मोगऱ्याची छाटणी फाल्गुनांत करूं नये, पौष-माघांत करावी. ही माहिती आमची नव्हे. आमच्या आत्येची आहे.